आलेखानं समीकरणं सोडवली तर उत्तर २.४ येऊ शकतं का? (दहावी, गणित भाग १)

सेलूकर (शुक्रवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

पोरगी दहावीला आहे, मराठी माध्यम. पहिलाच धडा दोन चलांतील रेषीय समीकरणे, त्यात आलेख पद्धत. परवा क्लासच्या टेस्टला हे आलतं:

३क्ष + २य = १०
क्ष − य = १

(ती वहीत एक्स वाय लिहिते, मी जुना माणूस, मला क्ष आणि यच येतंय)

तिनं ग्राफ पेपरवर दोन्ही रेषा काढल्या अन छेदनबिंदू वाचला (२.४, १.४). सरांनी लाल पेनानं काट मारून बाजूला लिहिलं, आलेखात उत्तर पूर्णांकात येते, आकृती पुन्हा काढ. ४ पैकी १ मार्क. पोरगी रडली नाही पण जेवलीबी नाही. रात्री बसून तीनदा काढलं, तिन्ही वेळा २.४ च येयलंय. आता मला विचारायलीय की पप्पा, लोप पद्धतीनं, म्हणजे समीकरणांची बेरीज वजाबाकी करून एक चल उडवलं की, दोन मिनिटात उत्तर निघतं, मग पट्टी पेन्सिल घेऊन अर्धा तास कशाला घालायचा. मी काय सांगू, माझं किराणा दुकान हाय, गणित बारावीला सुटलं ते सुटलंच.

क्लासचं नाव विचारू नका, गाव लहान आहे.

दहावी_फ (९:५२)

काका २.४ बरोबर आहे. टाकून बघा, ३ गुणिले २.४ म्हणजे ७.२ आणि २ गुणिले १.४ म्हणजे २.८, झाले की १०. अन २.४ मधून १.४ गेले तर १. सरांनी ताळा केलाच नाही वाटतं.

निवृत्त_गुरुजी (१०:१५)

सेलूकर, मुलीला आधी जेवायला घाला. तिचं बरोबर आहे, सरांचं चुकलं आहे.

ही चूक कुठून येते ते सांगतो, कारण मी स्वतः तीस वर्षं हा धडा शिकवला आणि सुरुवातीची काही वर्षं मीही असंच समजायचो. पुस्तकात आणि पेपरात गणितं अशी निवडलेली असतात की छेदनबिंदू बरोब्बर चौकटीच्या कोपऱ्यावर पडावा, (३, २) किंवा (४, −१) असा. मुलांना सोपं जावं आणि तपासणाऱ्याचा वेळ वाचावा म्हणून. पण शंभर गणितं तशीच बघितली की माणसाला वाटायला लागतं की आलेखाचा नियमच तो आहे. दोन रेषा कुठं भेटाव्यात हे त्या रेषा ठरवतात, ग्राफ पेपर छापणारा नाही.

उलट तुमच्या मुलीनं २.४ वाचलं याचा अर्थ तिचा हात चांगला आहे. आलेख कागदावर १ सेंमीत १० बारीक घरं असतात. १ सेंमी = १ एकक धरलं तर २.४ म्हणजे दोनच्या पुढची चौथी बारीक रेघ. ती बरोबर तिथं पोचली. लगेच (२, १) लिहून मोकळी झाली नाही.

तिला एवढं विचारा की प्रत्येक रेषेसाठी किती बिंदू घेतले. दोन घेतले तर रेषा निघतेच, बिंदू चुकला असला तरी निघते, पट्टीला काय, कोणतेही दोन बिंदू द्या ती जोडते. तिसरा बिंदू हा साक्षीदार. पहिल्या समीकरणाला (०, ५), (२, २), (४, −१) घ्यायचे. तिन्ही एका रेघेत आले तर हिशोब बरोबर, एक जरी बाजूला गेला तर तिथंच थांबायचं. मुलं बहुतेक वेळा −१ चं १ करतात आणि मग रेषा भलतीकडंच जाते.

सेलूकर (१०:३१)

गुरुजी तीनच घेतलेत, आत्ता वही बघितली. (०, ५) (२, २) (४, −१) हेच आहेत की ओ. जेवायला बसलीय. धन्यवाद.

पण तिचा दुसरा प्रश्न राहिलाच, कशाला घालायचा अर्धा तास?

लातूर_पॅटर्न (१०:४०)

खरं सांगू का दादा, नका घालू. पेपरात आलेखानं सोडवा असं स्पष्ट लिहिलं असेल तरच काढायचा, नाहीतर लोप नाहीतर निश्चयक, क्रेमरच्या नियमानं तीन निश्चयक काढले की विषय संपला. पुढं एंट्रन्सला तर ऑप्शनच टाकून बघायचे असतात. आलेख ही फक्त धडा भरायची गोष्ट आहे, आमच्या वेळी आम्ही आधी लोप पद्धतीनं उत्तर काढायचो अन मग त्या बिंदूतून रेषा जाईल असा ग्राफ बसवायचो.

दहावी_फ (१०:४४)

आम्ही आत्तापण तेच करतो

निवृत्त_गुरुजी (१०:५८)

तुम्ही सगळे तेच करता हे आम्हा शिक्षकांना माहीत असतं बरं का. ज्या बिंदूतून दोन्ही रेषा जातात तिथं पेन्सिलीचं जास्तीचं टोकरलेलं भोक असतं.

रूळ_आणि_रेघा (शनिवार, सकाळी ६:१०)

रात्री धागा वाचला, झोप आली नाही, आता चहा घेऊन बसलोय. लातूरवाल्या भाऊंना उत्तर द्यायचंय.

मी रेल्वेत कंट्रोलला होतो, आता रिटायर. माझं आयुष्य दोन रेघा कुठं कापतात हे बघण्यात गेलं, शब्दशः. आपल्याकडच्या लोकांना "क्रॉसिंग" हा शब्द वेगळा शिकवावा लागत नाही, एकेरी लाईनवर वाढलेला माणूस आहे, गाडी आडरानातल्या स्टेशनात उभी राहिली की म्हातारीसुद्धा म्हणते क्रॉसिंग असंल. ते क्रॉसिंग म्हणजेच पोरीच्या वहीतला छेदनबिंदू.

सेक्शन कंट्रोलरच्या टेबलावर मोठा चार्ट असायचा, आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर स्टेशनं. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. जास्त उभी रेघ म्हणजे पळणारी गाडी, लोळलेली रेघ म्हणजे मालगाडी, एकदम आडवी रेघ म्हणजे गाडी उभी आहे, वेळ जातोय पण अंतर सरकत नाही. एकीकडून येणाऱ्या रेघा वर चढतात, दुसरीकडून येणाऱ्या खाली उतरतात. आता ते कंप्युटरवर निघतं, आम्ही पेन्सिल आणि खोडरबर घेऊन काढायचो.

आकडे सोपे करून सांगतो. जालना ते संभाजीनगर ६३ किमी धरा. सकाळी ८ ला जालन्याहून एक गाडी सुटली, ताशी ६०, म्हणजे मिनिटाला १ किमी. त्याच वेळी समोरून दुसरी सुटली, ताशी ४५, म्हणजे मिनिटाला पाऊण किमी. जालन्यापासूनचं अंतर य, आठनंतरची मिनिटं क्ष.

य = क्ष
य = ६३ − ०.७५क्ष

रेघा ३६ व्या मिनिटाला, ३६ किमीवर कापतात. लोप पद्धतीनंही हेच येतं, भाऊंचं बरोबर. पण लोप पद्धत इथं थांबते आणि माझं काम इथं सुरू होतं, कारण एकेरी लाईनवर ३६ किमीला स्टेशन नसलं तर तो छेदनबिंदू म्हणजे समोरासमोर धडक. तो बिंदू पुसून स्टेशनावर नेऊन बसवायचा असतो.

समजा अलीकडं ३० किमीला एक स्टेशन आहे आणि पलीकडं ४२ ला. जालन्याहून आलेली गाडी ३० किमीवर ८:३० ला पोचेल, समोरची तिथं यायला ८:४४ होतील. म्हणजे हिला १४ मिनिटं उभी करा. नाहीतर समोरचीला ४२ किमीवर थांबवा, ती ८:२८ ला येईल, ही ८:४२ ला पोचेल, परत १४ च मिनिटं. दोन्ही स्टेशनं छेदनबिंदूपासून ६ किमी आहेत म्हणून सारखं येतं. मग कोणती थांबवायची? ते गणित सांगत नाही. मागून कोण येतंय, कुणाला पुढं जोड गाडी आहे, कुठल्या स्टेशनात लूप लाईन मोकळी आहे, हे सगळं त्याच चार्टवर नजरेला दिसतं. एका नजरेत २०-२५ रेघा. तेवढी समीकरणं मांडून लोप करत बसलो असतो तर तेवढ्यात गाड्या भेटल्या असत्या.

काळी_माती (७:०२)

काका लई भारी. म्हणजे इतकी वर्षं परभणीला जाताना शिव्या घातल्या त्या तुमच्या खोडरबरला लागल्या का.

रूळ_आणि_रेघा (७:०५)

रोजच्या रोज लागायच्या. उचकी कायम.

लातूर_पॅटर्न (९:२०)

मानलं काका. पण एक शंका आहे, पेन्सिलीच्या रेघेवर भरवसा किती ठेवायचा? रेघेला जाडी असते, पट्टी हलते. ३६ च्या जागी ३६.५ वाचलं तर?

निवृत्त_गुरुजी (१०:३०)

आता खरा प्रश्न विचारलात. उत्तर असं की ते रेषा कोणत्या कोनात कापतात त्यावर आहे. वर्गात मी ही दोन गणितं शेजारी शेजारी काढून घ्यायचो, मुलीकडून करून घ्या, दहा मिनिटांचं काम.

पहिलं: य = क्ष + १ आणि य = −क्ष + ११. उत्तर (५, ६). रेषा एकमेकींना काटकोनात कापतात, फुली मारल्यासारखी. आता दुसरी रेषा मुद्दाम अर्धा मिलिमीटर वर सरकवून काढा. क्ष ५ चा ५.०२५ होतो. पाव मिलिमीटर. डोळ्याला दिसणारसुद्धा नाही.

दुसरं: य = क्ष + १ आणि य = १.१क्ष + ०.५. उत्तर तेच, (५, ६). पण या रेषा जवळजवळ समांतर आहेत, एकमेकींच्या अंगावरून जातात. इथं दुसरी रेषा तेवढीच, अर्धा मिलिमीटर वर सरकवा. क्ष ५ वरून ४.५ वर येतो. अर्धा सेंटीमीटर! हाताची चूक तेवढीच, उत्तरातली चूक वीसपट.

वर्गात दुसऱ्या गणिताला चाळीस मुलांची चाळीस उत्तरं यायची, कुणी ४.३ कुणी ५.८, आणि प्रत्येकाला वाटायचं आपलंच चुकलं. चुकलेलं कुणाचंच नसायचं. छेदनबिंदू बिंदूसारखा दिसतच नाही, दोन रेषा मिळून एक लांबट काळा पट्टा होतो, त्यात कुठंतरी उत्तर असतं. अशा वेळी दुसरा कागद घ्यायचा आणि फक्त तेवढाच भाग मोठा काढायचा, क्ष ४ ते ६, य ५ ते ७, आणि १ एककाला ५ सेंमी. हात अर्धा मिलिमीटर चुकला तर उत्तरात आता ०.१ चीच चूक होते. तरीही समाधान नाही झालं तर मग लोप पद्धत आहेच, मी तिच्या विरोधात नाही.

आणि हो, दोन्ही अक्षांवर वेगळं प्रमाण घेतलं तर चालतं का, हे मुलं हमखास विचारतात. चालतं. रेषांचा तिरकेपणा बदललेला दिसेल, उत्तर बदलणार नाही. फक्त वर उजव्या कोपऱ्यात प्रमाण लिहायला विसरू नका म्हणावं, बोर्डात तिथंच मार्क जातो.

टपरीवाला_कळंब (११:१५)

गणित कळत नाही पण माझ्याकडं एक किस्सा हाय. आमच्या हॉटेलात नवीन पोरगं गल्ल्यावर बसलतं, रेटबोर्ड लावायचा राहिलता. एका टेबलाचं २ चहा १ सुशीला, ५० रुपये घेतले. दुसऱ्या टेबलाचं ४ चहा २ सुशीला, १०० घेतले. रात्री हिशोबाला मी विचारलं चहा केवढ्याला लावला अन सुशीला केवढ्याला, तर म्हणतंय मालक आठवत नाही, बिलावरून काढा. आता काढा गुरुजी.

(बाहेरच्या लोकांसाठी: सुशीला म्हणजे मुरमुऱ्याचा फोडणीचा नाश्ता. बाईचं नाव नाही.)

दहावी_फ (११:२१)

नाही निघणार. दुसरं समीकरण पहिल्याचीच दुप्पट आहे. ग्राफवर दोन्ही रेषा एकावर एक पडतील. चहा १० सुशीला ३० पण चालतं, चहा १५ सुशीला २० पण चालतं. अनंत उकली.

टपरीवाला_कळंब (११:२४)

अन त्यानं दुसऱ्या टेबलाचे ९० घेतले असते तर?

दहावी_फ (११:३०)

तर रेषा समांतर, भेटणारच नाहीत, एकपण उकल नाही. म्हणजे त्या पोरानं दोन टेबलांना दोन रेट लावले नाहीतर १० रुपये खिशात घातले

निवृत्त_गुरुजी (११:४४)

शाब्बास. पुस्तकात हे गुणोत्तरांचे नियम म्हणून पाठ करायला देतात आणि मुलं गोंधळतात. एकावर एक रेषा म्हणजे दोनदा विचारलं पण माहिती एकच मिळाली. समांतर रेषा म्हणजे दोन्ही माहिती एकाच वेळी खऱ्या असूच शकत नाहीत.

काळी_माती (दुपारी १:१०)

आता माझं ऐका. मागच्या सोयाबीनला मी असाच हिशोब मांडला अन उत्तर बघून येडा झालो. हातानं काढणी करायची का हार्वेस्टर लावायचा. मजुरीनं कापणी एकरी ४५०० अन वरून मळणीयंत्रवाल्यानं उक्ते ४००० सांगितले. हार्वेस्टर एकरी २५०० अन गावात आणायचे १००० वेगळे. मनात म्हणलं किती एकरापासून हार्वेस्टर परवडतं बघावं. भाच्यानं मांडून दिलं,

य = ४५००क्ष + ४०००
य = २५००क्ष + १०००

उत्तर आलं क्ष = −१.५. उणे दीड एकर. भाचा म्हणला मामा उत्तर बरोबरे, ताळा जुळतोय. अरे पण उणे दीड एकर सोयाबीन पेरायचं कुठं, बांधाच्या पलीकडं भावकीत?

मग त्याला म्हणलं ते ग्राफ काय असतंय ते काढ. काढलं तर लगेच दिसलं, दोन रेघा भेटतात पण डाव्या अंगाला, शून्याच्या मागं. उजवीकडं, म्हणजे जिथं खरं रान आहे तिथं, मजुरीची रेघ कायम वरच, अन जसं रान वाढंल तसं अंतर वाढतच जातं. म्हणजे माझ्या आकड्यांवर एका एकरालाबी हार्वेस्टरच स्वस्त. उत्तरापेक्षा ते चित्र बघून मला कळलं.

(आता म्हणू नका की हार्वेस्टरनं डाळ होती अन गुळी रानातच राहती, जनावरांना काय घालायचं. ते माहिती हाय. गुळीचे पैसे धरले तर मजुरीची रेघ खाली येती, ते परत एकदा काढायचंय.)

लातूर_पॅटर्न (१:३५)

उणे दीड एकर वाचून चहा सांडला. ठीक आहे, मी माझं वाक्य मागं घेतो, धडा भरायची गोष्ट नाही.

हिंगोलीचा_कोडर (४:२०)

पुण्यात बसून सुट्टीच्या दिवशी हा धागा वाचायलोय, बायको म्हणते काय हसायलाय एकटाच.

एक भर घालतो. दहावीला सगळ्या रेषा सरळ असतात म्हणून लोप पद्धत जिंकते. पुढं वक्र आले की कधी कधी बीजगणित हात वर करतं. उदाहरण, कोसाइन क्ष = क्ष. हे कोणत्याही सूत्रानं सुटत नाही, पण य = क्ष ची रेषा अन कोसाइनचा वक्र काढा, एकाच ठिकाणी कापतात, ०.७३९ च्या आसपास. (रेडियनमधे हां.) साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर घ्या, रेडियनवर टाका, कोणताही आकडा लिहून कोसाइनचं बटण दाबत राहा, पंचवीस तीस वेळा दाबलं की आकडा ०.७३९ वर येऊन बसतो. मी हे अकरावीत कंटाळा आला म्हणून करत होतो, तवा कुणी सांगितलं नाही की मी दोन आलेखांचा छेदनबिंदू शोधायलोय.

सेलूकर भाऊ, मोबाईलवर जिओजेब्रा फुकट आहे, त्यात समीकरण टाकलं की रेषा येते. पण आधी हातानं काढू द्या. ॲपमधे पोरं नुसती बोटानं झूम करतात, स्क्रीनच्या बाहेर छेदनबिंदू असला की म्हणतात भेटतच नाहीत.

निवृत्त_गुरुजी (४:५०)

हे अगदी खरं. कागदावरसुद्धा होतं ते. छेदनबिंदू (१४, −९) ला असेल आणि मुलानं अक्ष १० पर्यंतच काढला असेल तर तो लिहून मोकळा, "रेषा समांतर". आधी दोघींचा चढ बघायचा, वेगळा असला की कुठं ना कुठं भेटणारच.

अजून एक, सेलूकर. सरांकडं जाणार असाल तर भांडायला जाऊ नका. मुलीलाच पाठवा, फक्त ताळा घेऊन. ७.२ + २.८ = १०. बाकी काही बोलायची गरज नाही.

सेलूकर (रविवार, रात्री ८:५५)

मंडळी उशीर झाला, माफ करा.

काल संध्याकाळी ती गेलती सरांकडं. वहीच्या मागच्या पानावर ताळा लिहून नेला. सर दोन मिनिटं बघत बसले म्हणे, मग काही न बोलता १ चे ४ केले. नंतर तिला थांबवून विचारलं की बाकी कुणाकुणाचं २.४ आलं होतं. सात पोरांचं आलं होतं. सगळ्यांचे वाढवले.

आज जालन्याला लग्न होतं, पॅसेंजरनं गेलो. रूळवाले काका, तुमची पोस्ट मी तिला वाचून दाखवलती, चूक केली. ग्राफ पेपर घेऊनच बसली गाडीत. सातोन्याला गाडी थांबली तर सगळे डबेवाले वैतागले अन ही खिडकीत घड्याळ धरून खुशीत, पप्पा आडवी रेघ सुरू झाली. १९ मिनिटं. समोरून मालगाडी गेली. तिनं आपली रेघ आडवी काढून ठेवलीय पण मालगाडीची काढता येईना, कारण ती परतूरहून किती वाजता निघाली ते माहीत नाही, एकच बिंदू हाय म्हणते, एका बिंदूतून रेघ कशी काढू.

काका, मालगाडीचा अंदाजे वेग काय धरायचा?

रूळ_आणि_रेघा (९:०८)

वेग धरू नका. परत जाताना परतूरला उतरून स्टेशन मास्तरला नमस्कार घाला अन सुटायची वेळ विचारा, रजिस्टरमधे लिहिलेली असते. तिला म्हणावं दुसरा बिंदू तिथं आहे. अन तिसरा सेलूला, साक्षीदार.